एक खोली भट्टी आणि दुसरी गारठलेली: रेडिएटरवाल्या हीटिंगमध्ये नेमकं काय बिघडतं आणि कुठून बघायला सुरुवात करायची

थंडी सुरू झाली की हाच प्रश्न परत परत येतो. हॉलमध्ये बसवत नाही इतकं गरम आणि आतल्या बेडरूममध्ये रजईत शिरूनही पाय गार ते गारच. मग घरातलं कुणीतरी उठून थर्मोस्टॅट २१ चा २५ करतं, हॉल अजून तापतो, दुसरं कुणीतरी तिथली खिडकी उघडतं, आणि बेडरूम होती तशीच. ओळखीच्यांच्या घरी हे इतक्यांदा बघितलंय आणि निस्तरलंय की आता एकदा सगळं नीट लिहून ठेवते, म्हणजे फोनवर तासभर समजावण्यापेक्षा हेच पाठवता येईल.

आधीच सांगते, हे पाण्यावर चालणाऱ्या सेंट्रल हीटिंगबद्दल आहे. बॉयलर किंवा हीट पंप पाणी तापवतो, पंप ते घरभर फिरवतो, खोलीखोलीत रेडिएटर असतो, ती सिस्टिम. ज्यांच्याकडे डक्टमधून गरम हवा येते त्यांनी आधी एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरून बघा, पलीकडचं दिसत नसेल तर तो बदला, आणि नको असलेल्या खोल्यांच्या जाळ्या एकदम सगळ्या बंद करू नका, त्याने डक्टमधलं प्रेशर वाढतं आणि फर्नेसवर ताण येतो. बाकी हा लेख तुमच्या फार कामाचा नाही.

आणि दुसरं म्हणजे, एखाददुसरी खोली थंड राहते तेव्हा बॉयलर बहुतेक वेळा धडधाकट असतो. गरम पाणी भरपूर असतं पण जिथे पाहिजे तिथे पोचत नसतं. थर्मोस्टॅट वाढवून गरम पाणी वाढतं, वाटणी बदलत नाही, म्हणून जिथे आधीच जास्त जातंय तिथेच अजून जातं.

लक्षणं आधी बघा

हीटिंग चालू करून अर्धा-पाऊण तास जाऊ द्या आणि मग घरभर फिरून प्रत्येक रेडिएटरला हाताची मागची बाजू अलगद लावून बघा. तळहात दाबून ठेवू नका, जुन्या सेटिंगवर पाणी ७० अंशांच्या आसपास असतं आणि चांगला चटका बसतो.

वरून गार आणि खालून गरम असेल तर आत हवा अडकलीय. याच्या उलट, वर गरम आणि खाली मधोमध गार, तर तळाशी गाळ बसलाय. बाकी सगळे गरम पण एकच रेडिएटर मेल्यासारखा गार असेल तर त्याच्या व्हॉल्व्हची पिन अडकलेली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. बॉयलरजवळचे चटका बसेल असे आणि लांबचे कोमट असतील तर बॅलन्सिंग, म्हणजे रेडिएटरांमधली पाण्याची वाटणी, बिघडलंय किंवा कधी केलंच नव्हतं. सगळेच कोमट असतील तर प्रेशर, पंप किंवा पाण्याचं सेट केलेलं तापमान. आणि सगळे रेडिएटर छान तापलेत तरी खोली गार, तर दोष हीटिंगचा नाही, खोलीचा आहे, हे लोक सहसा मान्य करत नाहीत.

आवाजांकडेही लक्ष द्या. गुळगुळ आवाज म्हणजे हवा. व्हॉल्व्हपाशी बारीक शिट्टीसारखा आवाज म्हणजे पाणी जास्त जोराने ढकललं जातंय. तापताना आणि गार होताना टकटक होते ती बहुधा पाईप प्रसरण पावून लाकडाला घासतो त्याची, ती त्रासदायक असली तरी निरुपद्रवी.

पहिलं काम, मोजा

हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. साधे डिजिटल थर्मामीटर घ्या, शक्य तर प्रत्येक खोलीत एक, आणि ते खोलीच्या साधारण मधे, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर ठेवा. बाहेरच्या भिंतीला टेकवून नको, खिडकीत नको, रेडिएटरच्या वरच्या फळीवर तर नकोच नको. आधी सगळे एका टेबलावर शेजारी शेजारी तासभर ठेवून बघा म्हणजे त्यांच्यात आपापसात किती फरक आहे ते कळतं, स्वस्तातल्यांमध्ये अर्धा-एक अंशाचा फरक सहज असतो. मग दोन दिवस सकाळ, संध्याकाळ, झोपताना आकडे लिहा.

का, तर "मला थंडी वाजते" आणि "खोली थंड आहे" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या घरांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये थंडीत घरात निदान १८ अंश असावेत असं म्हटलंय, आणि म्हातारी माणसं, लहान मुलं, आजारी माणसं यांना त्याहून जास्त लागू शकतं असंही. बसायच्या खोलीत २० ते २१ आणि झोपायच्या खोलीत १८ च्या आसपास बहुतेकांना बरं वाटतं. आता थर्मामीटर २१ दाखवतोय आणि तरी खिडकीपाशी बसलं की अंगावर काटा येतोय, तर हवा गरम आहे पण समोरची काच किंवा भिंत गार आहे आणि अंगातली उष्णता थेट तिकडे जातेय. तिथे अजून दोन अंश वाढवून फार फरक पडत नाही, जाड पडदा लावून, फटी बुजवून किंवा खुर्ची भिंतीपासून हलवून पडतो. एक ओलसर बोट किंवा उदबत्तीचा धूर खिडकीच्या चौकटीवरून फिरवा, धूर हलला की फट सापडली. गॅसच्या किंवा लाकडाच्या शेगडीला हवा मिळावी म्हणून मुद्दाम ठेवलेली झरोक्याची जाळी मात्र कधीही बुजवायची नाही, ते जिवावर बेतू शकतं.

थर्मोस्टॅट हा रेग्युलेटर नाही

पंख्याचा रेग्युलेटर फिरवला की पंखा जोरात फिरतो, त्या सवयीने आपण थर्मोस्टॅट पण फिरवतो. पण साधा थर्मोस्टॅट फक्त "चालू" आणि "बंद" सांगतो. २१ पाहिजेत म्हणून ३० वर नेला तर घर लवकर तापत नाही, फक्त २१ ला थांबत नाही.

त्याहून महत्त्वाचं, तो कुठे बसवलाय. आतल्या भिंतीवर, साधारण दीड मीटर उंचीवर, उन्हाची तिरीप, दिवा, टीव्ही, रेडिएटर आणि दाराची झुळूक यांच्यापासून लांब, ही त्याची जागा. कारण तो बसलेल्या जागेची हवा मोजतो आणि पूर्ण घराचा निर्णय घेतो. टीव्हीच्या वर बसवलेला असेल तर संध्याकाळी सगळे टीव्ही बघत असताना त्याला वाटतं घर तापलं, तो बॉयलर बंद करतो, आणि आतल्या खोलीत अभ्यास करणारा कुडकुडतो. वायरलेस असेल तर आधी बॅटरी बदला, अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात असं म्हणणार नव्हते पण बऱ्याच संपतात खऱ्या.

आता एक भानगड जी फार घरात बघितलीय. थर्मोस्टॅट हॉलमध्ये, आणि हॉलच्या रेडिएटरवर आकडेवाली नॉब पण आहे, म्हणजे थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह. थर्मोस्टॅट २१ ची वाट बघतोय, नॉब मात्र १९ ला पाणी बंद करते. हॉल २१ ला पोचतच नाही, बॉयलर थांबत नाही, बाकीच्या खोल्या उकळतात. दोन मालक एकाच खोलीत नकोत. ज्या खोलीत थर्मोस्टॅट आहे तिथली नॉब पूर्ण उघडी ठेवा आणि बाकी खोल्यांमध्ये नॉबने खोलीपुरतं जमवा. याचा उलटा प्रकार म्हणजे थर्मोस्टॅटवाली खोलीच सगळ्यात आधी तापते आणि बॉयलर बंद पडतो, लांबच्या खोल्यांना पाणी पोचेपर्यंत खेळ संपलेला असतो. त्याचं उत्तर पुढे बॅलन्सिंगमध्ये आहे, थर्मोस्टॅट वाढवण्यात नाही.

टायमर पण एकदा बघून घ्या, उन्हाळी-हिवाळी वेळेमुळे घड्याळ तासाने पुढे-मागे झाल्यावर तो जुन्याच वेळेवर राहिलेला असतो. रात्री पूर्ण बंद करण्यापेक्षा दोन-तीन अंश खाली आणलेलं बरं पडतं, विटांच्या किंवा दगडाच्या जाड भिंती एकदा गार पडल्या की परत तापायला कित्येक तास घेतात आणि सकाळी हवा गरम, भिंती गार अशी विचित्र थंडी वाजत राहते. हीट पंपवाल्यांनी तर रात्रीचा फरक एखादा अंशच ठेवावा किंवा अजिबात ठेवू नये, तो हळूहळू सतत चालण्यासाठीच बनवलेला आहे.

सोफा, पडदा आणि ती आकडेवाली नॉब

रेडिएटरसमोर चिकटून ठेवलेला सोफा, वरून खाली सोडलेला लांब पडदा, वाळत घातलेले टॉवेल. रेडिएटरचं बरंचसं काम हवा खालून आत घेऊन वरून सोडण्याचं असतं, ती वाट अडली की उष्णता सोफ्याच्या पाठीत आणि खिडकीच्या काचेत जाते. निदान वीतभर जागा सोडा, पडदा खिडकीच्या फळीपर्यंतच ठेवा. फुकटातलं काम आहे, पण घरात सोफा हलवायचा म्हटलं की बॉयलर बदलणं सोपं वाटतं.

नॉबवरचे आकडे अंश नसतात हे पण सांगून टाकते. बहुतेक कंपन्यांच्या नॉबवर ३ म्हणजे साधारण २० अंश, २ म्हणजे साधारण १६, ४ म्हणजे २४ च्या आसपास, आणि बर्फाच्या चांदणीची खूण म्हणजे पाईप गोठू नये इतपत. ५ वर ठेवल्याने लवकर तापत नाही, ३ वर आणि ५ वर सुरुवातीला सारखंच पाणी जातं. नॉबच्या आत मेणासारखा किंवा द्रव पदार्थ असतो, तो आजूबाजूच्या हवेने फुगतो आणि एक बारीक पिन आत दाबून पाणी अडवतो. म्हणून नॉब पडद्याच्या मागे अडकली की तिला फक्त रेडिएटरची गरम हवा लागते, तिला वाटतं खोली २० झाली आणि ती बंद होते, खोली असते १६. जागा बदलता येत नसेल तर वायरने लांब लावता येणाऱ्या सेन्सरची नॉब मिळते.

प्रेशर बघा

स्वतंत्र बॉयलर असेल तर त्यावर एक छोटा काटा किंवा डिजिटल आकडा असतो. सिस्टिम गार असताना १ ते १.५ बार पाहिजे, तापल्यावर थोडा वर जातो ते ठीक. १ बार म्हणजे साधारण १० मीटर उंच पाण्याचा स्तंभ, त्यामुळे प्रेशर फार कमी झालं की वरच्या मजल्याच्या रेडिएटरमध्ये हवा शिरते आणि बरेच बॉयलर स्वतःहून बंद पडतात. पाणी भरायची नळी आणि तिचे व्हॉल्व्ह बॉयलरच्या खाली असतात, मॅन्युअलमध्ये बघून हळूहळू उघडा, काटा १.२-१.३ ला आला की बंद करा, आणि खरंच बंद झालाय ना ते दहा मिनिटांनी परत बघा.

मोसमात एखाद वेळा भरावं लागलं तर ठीक आहे. दर आठवड्याला भरावं लागत असेल तर भरत बसू नका. एक तर कुठेतरी गळतंय, नाहीतर एक्सपान्शन टाकीतली (तापून फुगलेलं पाणी सामावून घेणारी टाकी) हवा गेलीय. टाकीची खूण अशी, तापलं की काटा झपाझप ३ कडे जातो, बाहेरच्या नळीतून पाणी ठिबकतं, गार झालं की काटा शून्याकडे. शिवाय दर वेळी ताजं पाणी घातलं की त्याबरोबर ऑक्सिजन जातो, आतून लोखंड गंजतं आणि तोच काळा गाळ रेडिएटरच्या तळाशी बसतो. इथे हीटिंगवाल्याला बोलवा.

पूर्ण बिल्डिंगला एकच बॉयलर असेल तर प्रेशर तुमच्या हातात नाही. हवा काढायच्या आधी मॅनेजमेंटला कळवा, कारण चार घरांनी एकदम हवा काढली तर सगळ्यांचं प्रेशर पडतं.

हवा काढणं

हीटिंग बंद करा, पंप थांबू द्या, रेडिएटर कोमट होऊ द्या. पंप चालू असताना काढलं तर हवा वर जमण्याऐवजी पाण्याबरोबर फिरत राहते, आणि काही सिस्टिममध्ये उलट बाहेरची हवा आत ओढली जाऊ शकते. खालच्या मजल्यापासून सुरू करा, सगळ्यात वरचा शेवटी. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात चौकोनी टोकाचा स्क्रू असतो, त्याची किल्ली मिळते. खाली फडकं आणि एक वाटी धरा, कारण पहिलं पाणी बऱ्याचदा काळं येतं आणि भिंतीवरचा तो डाग निघत नाही. पाव ते अर्धा फेरा उघडा, त्याहून जास्त नको, स्क्रू हातात आला तर पाण्याची पिचकारी थांबवायला तारांबळ उडते. फुस्स आवाज येईल, मग थुंकल्यासारखं पाणी आणि हवा मिसळून, मग सलग धार. धार आली की बंद. सगळे झाले की प्रेशर परत बघा, ते नक्की उतरलेलं असतं, आणि ही पायरी विसरून "हवा काढली तर बॉयलरच बंद पडला" असे फोन येतात.

एकाच रेडिएटरमध्ये परत परत हवा होत असेल तर गळती किंवा आतल्या गंजातून तयार होणारा गॅस. परत परत काढत बसणं हा उपाय नाही.

अडकलेली पिन

उन्हाळाभर नॉब बंद राहिली की पिन आतच चिकटून बसते. नॉब आधी पूर्ण उघड्यावर फिरवा, मग तिच्या खालची कडी हाताने सैल करून नॉब सरळ बाहेर ओढा. काही क्लिप करून बसवलेल्या असतात. समोर पितळी भागातून एक बारीक धातूची पिन डोकावताना दिसेल. लाकडाचा तुकडा किंवा पान्याची सपाट बाजू घेऊन ती हळूच आत दाबा, ती दोन-तीन मिलिमीटर आत जाऊन स्प्रिंगने परत बाहेर आली पाहिजे. आली नाही तर बाजूला पितळेवर हलकेच टकटक करा, पिनेला थेंबभर सिलिकॉन वंगण लावा, परत दाबा. बऱ्याचदा एकदम सुटते आणि मिनिटभरात पाईप गरम होताना हाताला कळतो.

पक्कड लावून पिन बाहेर ओढायची नाही. काही व्हॉल्व्हमध्ये ती पूर्ण निघून येते आणि मग खोलीत कारंजं. सुटत नसेल तर व्हॉल्व्ह बदलायचं काम प्लंबरचं. पुढच्या उन्हाळ्यात नॉब पूर्ण उघडी ठेवा, म्हणजे पिनेवर दाब राहत नाही.

पाण्याचं तापमान

बॉयलरवर सहसा दोन सेटिंग असतात, नळाचं चिन्ह आणि रेडिएटरचं चिन्ह. लोक रेडिएटरचं ७५-८० वर ठेवून देतात, मग खोली झपकन तापते, बॉयलर बंद, खोली गार, परत चालू, असा झोका सुरू राहतो आणि कधीच बरं वाटत नाही. कंडेन्सिंग बॉयलर असेल तर परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच धुरातल्या वाफेची उष्णता त्याला परत मिळते. म्हणून ६० वर आणून बघा, मग ५५. कडाक्याच्या थंडीत खोल्या ठरलेल्या तापमानाला पोचत नसतील तर पाच अंश वर. घरात गरम पाण्याची साठवणीची टाकी असेल तर तिचं तापमान मात्र ६० च्या खाली आणू नका, लीजिओनेला नावाचे जंतू कोमट साठलेल्या पाण्यात वाढतात.

हीट पंप किंवा बाहेरच्या हवेचा सेन्सर असलेली सिस्टिम असेल तर तिथे हीटिंग कर्व्ह नावाची सेटिंग असते, बाहेर किती गार असताना पाणी किती गरम करायचं त्याची. त्यात दोन गोष्टी हलवता येतात. बाहेर बरी हवा असताना पण आणि कडक थंडीत पण घर सारखंच गार राहत असेल तर पूर्ण कर्व्ह वर सरकवा. फक्त कडक थंडीतच कमी पडत असेल तर उतार वाढवा. एका वेळी एकच पायरी, आणि मग पूर्ण दिवस, जमलं तर दोन दिवस हात लावायचा नाही. संध्याकाळी तीनदा बदललं तर कशामुळे काय झालं ते देवाला पण सांगता येणार नाही.

बॅलन्सिंग, खरं काम इथे आहे

पाणी सगळ्यात सोपी वाट धरतं. पंपाजवळचा रेडिएटर पूर्ण उघडा असेल तर बरंचसं पाणी त्यातूनच वळून परत जातं आणि लांबच्या बेडरूमला उरलंसुरलं मिळतं. बॅलन्सिंग म्हणजे जवळच्यांची वाट मुद्दाम अरुंद करायची, म्हणजे लांबच्यांना आपोआप जास्त मिळतं. खर्च जवळजवळ नाही, वेळ मात्र अख्खी सुट्टी खातं.

आधी एक गोष्ट तपासा. रेडिएटरचे दोन्ही पाईप जर खालच्या एकाच पाईपला जोडलेले असतील तर ती एकपाईपची सिस्टिम आहे आणि पुढची पद्धत तिला लागू नाही, तिथे जाणकारालाच विचारा.

नॉबच्या विरुद्ध टोकाला, खाली, प्लॅस्टिकची एक गुळगुळीत टोपी असते, जी फिरवली तरी काही होत नाही. ती काढली की पितळेचा एक दांडा किंवा आत षट्कोनी खाच दिसते. हा लॉकशील्ड व्हॉल्व्ह. काही नव्या सिस्टिममध्ये हे काम नॉबच्या खालच्या आकडे असलेल्या रिंगने होतं आणि लॉकशील्ड फक्त बंद करण्यापुरता असतो, तसं असेल तर रिंग वापरा, बाकी तत्त्व तेच.

कुठलाही लॉकशील्ड हलवायच्या आधी तो घड्याळाच्या दिशेने पूर्ण बंद होईपर्यंत किती फेरे लागतात ते मोजा आणि कागदावर लिहा, म्हणजे फसलं तर मूळ जागी येता येतं. मग सगळ्या खोल्यांच्या नॉब पूर्ण उघड्या, सगळे लॉकशील्ड पूर्ण उघडे, घर गार झालेलं, आणि हीटिंग चालू. आता घरात फिरत बसा आणि कुठला रेडिएटर कितव्या नंबरला तापतो ते लिहा. दोन माणसं असतील तर सोपं जातं, एकाने वर, एकाने खाली.

जो सगळ्यात आधी तापला त्याचा लॉकशील्ड बंद करून फक्त पाव फेरा उघडा. त्यानंतरचे थोडे थोडे जास्त, अर्धा, पाऊण, एक. सगळ्यात शेवटी तापलेला पूर्ण उघडा ठेवा. खरा फरक पहिल्या अर्ध्या-एक फेऱ्यात पडतो, दीड फेऱ्याच्या पुढे उघडलं तरी फारसं काही बदलत नाही, म्हणून हात अगदी जपून चालवायचा. मग आत जाणारा आणि बाहेर येणारा पाईप, दोन्हींचं तापमान मोजा. जुन्या बॉयलरवर फरक साधारण १० ते १२ अंश, कंडेन्सिंगवर २० पर्यंत चालतो, हीट पंपवर ५ ते ७. फरक कमी असेल तर पाणी जास्त वेगाने जातंय, थोडं बंद करा. फार जास्त असेल तर थोडं उघडा. प्रत्येक बदलानंतर निदान पंधरा मिनिटं थांबा. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत तांब्यावर किंवा क्रोमवर धादांत खोटं बोलतो, पाईपवर काळी चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर मोजा.

पाईपचे आकडे जमले की तिथेच थांबू नका, कारण रेडिएटर खोलीच्या मानाने लहान-मोठे असतात. पुढचे दोन-तीन दिवस खोल्यांचे थर्मामीटर बघा, जी खोली जास्त तापतेय तिथे अजून अष्टमांश फेरा कमी, बस. शेवटचा शब्द खोलीच्या थर्मामीटरचा, पाईपचा नाही.

एक-दोन सावधगिरी. दांडा फिरत नसेल तर जोर लावू नका. फिरवल्यावर दांड्याच्या मुळाशी थेंब येत असेल तर तिथला छोटा नट पान्याने किंचित आवळा, तरी थांबत नसेल तर प्लंबर. पंप चालू असताना सगळे रेडिएटर एकदम बंद होतील अशी वेळ आणू नका, निदान एक कायम उघडा पाहिजे, नाहीतर पाण्याला फिरायला वाट राहत नाही. थर्मोस्टॅटच्या खोलीतला तो उघडा ठेवला की हे पण साधतं. आणि जास्तीत जास्त स्पीडवर ठेवलेला पंप शिट्ट्या वाजवत असेल तर एक पायरी खाली आणून बघा.

गाळ

हवा काढताना शाईसारखं पाणी आलं होतं आणि रेडिएटर खालून गार आहे, तर तो गंजाचा गाळ, मॅग्नेटाईट. तो लोहचुंबकाला चिकटतो, म्हणून परतीच्या पाईपवर चुंबकवाला फिल्टर बसवतात. एखादाच रेडिएटर असेल तर काढून बाहेर नेऊन पाईपने धुता येतो, पण भरलेला रेडिएटर भलताच जड असतो आणि एक थेंब कार्पेटवर पडला तर कार्पेट गेलं. पूर्ण सिस्टिम मशीनने धुवायची असेल तर ते त्यातल्या माणसाचंच काम, जुन्या पाईपांमध्ये गाळच कधी कधी बारीक भोकं बुजवून बसलेला असतो आणि धुतल्यावर गळती सुरू होते, हे त्याने आधी बघायला हवं.

इथे हात जोडायचे आणि फोन करायचा

गॅसचा वास आला तर कुठलंही बटण दाबायचं नाही, चालू पण नाही आणि बंद पण नाही. खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, बाहेरून इमर्जन्सीला फोन करा. बॉयलरची ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसत असेल, आजूबाजूला काजळी धरली असेल, किंवा हीटिंग चालू असताना घरात दोघातिघांना एकदम डोकेदुखी, चक्कर, मळमळ व्हायला लागली आणि बाहेर पडलं की बरं वाटलं, तर कार्बन मोनॉक्साईडचा संशय घ्यायचा, तडक बाहेर जायचं. त्याला वास नसतो. अलार्म लावलेला नसेल तर या यादीतलं बाकी काही करायच्या आधी तो लावा.

बॉयलरचं मुख्य झाकण उघडायचं नाही, गॅस आणि जळण्याचा भाग परवानाधारक माणसाचा. रिसेट एकदा, फार तर दोनदा, तिसऱ्यांदा पण बंद पडला तर तो काहीतरी सांगतोय. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकणं, पंपातून करकर किंवा अजिबात न फिरणं, वायरिंगचा जळका वास, छतावर ओल, हे सगळं त्यातच.

वरचं सगळं केलं, रेडिएटर पूर्ण तापतोय, फटी बुजवल्यात, तरी तीच खोली १७ च्या वर जात नाही, तर रेडिएटर खोलीला पुरा पडत नाही किंवा भिंत-छतातून उष्णता जातेय. तिथे फेरे मोजून काही होणार नाही, खोलीची उष्णता किती गळते त्याचा हिशोब करून मोठा रेडिएटर किंवा इन्सुलेशन ठरवावं लागतं.

हीटिंगवाल्याला बोलवाल तेव्हा खोल्यांचे आकडे आणि रेडिएटर तापायचा क्रम त्याच्या हातात द्या, त्याचा अर्धा वेळ वाचतो. आणि लॉकशील्डच्या फेऱ्यांचा कागद बॉयलरच्या शेजारी चिकटवून ठेवा, काम करताना तो सिस्टिम रिकामी करतो, रेडिएटर काढतो-घालतो, आणि जाताना सगळे लॉकशील्ड पूर्ण उघडे ठेवून जातो. मग महिनाभराने परत हॉल गरम आणि बेडरूम गार, आणि लोक म्हणतात नवीन पंप खराब निघाला.